वाचक विचारतात: कार्कासोनच्या आसपासचे गड आणि मठ

फ्रान्सच्या दक्षिणेला, स्पेनच्या बाजूला, ओद नावाचा जिल्हा आहे आणि कार्कासोन हे त्याचं मुख्य शहर. शहराच्या दक्षिणेला कोर्ब्येरचे उजाड चुनखडीचे डोंगर पसरलेत. त्यांच्या सुळक्यांवर तेराव्या शतकातले पडके गड आहेत, तर खोऱ्यांत त्याहून जुने मठ. या भागाविषयी आलेल्या पत्रांतले काही प्रश्न इथे घेतले आहेत.

पाच दिवस हातात आहेत. यादीत नऊ किल्ले आणि चार मठ झालेत. जमेल का?
*– पुणे*

नाही. दिवसाला एक गड आणि एक मठ, किंवा शेजारशेजारचे दोन गड, एवढंच धरा. नकाशावर अंतरं किरकोळ दिसतात आणि तिथेच फसगत होते. कार्कासोनहून क्युक्युन्यां हे गाव ऐंशी किलोमीटरच्या आतबाहेर आहे, पण रस्ता वळणावळणाचा असल्यामुळे दीड तास सहज जातो. त्यात बरीचशी ठिकाणं बंद व्हायच्या तासभर आधी तिकीट देणं थांबवतात. साडेपाचला पोचून 'सहापर्यंत उघडं आहे ना?' म्हणत हुज्जत घालण्यात अर्थ नसतो.

आमची मांडणी अशी. पहिला दिवस कार्कासोनच्या कोटाला. आत हिंडायला पैसे पडत नाहीत. तिकीट लागतं ते आतल्या बालेकिल्ल्याला आणि तटावरच्या फेरीला. दुसऱ्या दिवशी लाग्रासचा मठ आणि दुपारनंतर तेर्मचा गड. तिसऱ्या दिवशी मुक्काम हलवा. क्युक्युन्यां किंवा द्युइलाक इथे राहायचं, सकाळी पेरपर्त्यूझचा गड आणि दुपारनंतर केरिब्यूसचा. पेरपर्त्यूझ मोठा आहे आणि वर सावली नाही, म्हणून तो आधी. चौथ्या दिवशी गालाम्यूसच्या घळीतून प्युलोरांसचा गड. घळीतला रस्ता एका गाडीपुरताच आहे, मोठ्या गाड्यांना मनाई आहे आणि दरडी कोसळल्या की तो बंद ठेवतात. आदल्या संध्याकाळी चौकशी करा, नाहीतर लांबचा वळसा पडतो. पाचव्या दिवशी मोंसेग्यूरचा गड किंवा फोंफ्रुआदचा मठ, दोन्हींपैकी एकच. एक पश्चिमेला आहे आणि दुसरं पूर्वेला, नार्बोनजवळ.

लास्तूरचे चार बुरूज कार्कासोनच्या उत्तरेला आहेत. अर्धा दिवस उरला तरच तिकडे वळा.

सह्याद्रीतले पन्नासेक किल्ले झालेत. तिकडच्या गडांसाठी वेगळी तयारी लागते का? दोर वगैरे?
*– नाशिक*

दोर नको. तिकीटघरापासून पेरपर्त्यूझला वीसेक मिनिटं लागतात, केरिब्यूसला दहा-पंधरा आणि मोंसेग्यूरला अर्धा-पाऊण तास. राजगड-तोरणा केलेल्या माणसाला ही चढण म्हणजे पायमोकळी. तुम्हाला त्रास होणार तो दोन गोष्टींचा आणि दोन्हींची सह्याद्रीत सवय लागत नाही.

पहिला दगड. आपला काळा कातळ कोरडा असला की बूट धरून ठेवतो, घसरतो तो शेवाळ धरल्यावर. तिकडे चुनखडी आहे आणि वाटेवरचे दगड पावलांनी घासून घासून आरशासारखे गुळगुळीत झालेत. ते कोरडेसुद्धा निसटतात आणि पावसाची भुरभुर झाली की साबणासारखे होतात. पडणारे बहुतेक उतरताना पडतात, कारण चढताना टाच टेकत नाही. मऊ रबरी तळव्याचे साधे ट्रेकिंगचे बूट पुरेत. कडक तळव्याचे उंच बूट इथे उलट गैरसोयीचे. काठीच्या टोकाला रबरी टोपण हवंच, आणि कोरीव पायऱ्या आल्या की काठी पिशवीत टाकून दोन्ही हात मोकळे ठेवा.

दुसरा वारा. वायव्येकडून येणाऱ्या या वाऱ्याला तिकडे त्रामोंतान म्हणतात. आभाळ स्वच्छ, ऊन लख्ख, खाली गावात पानही हलत नाही, आणि केरिब्यूसच्या दारात उभं राहवत नाही, असं सर्रास होतं. 728 मीटरवरचा हा गड खिंडीच्या डोक्यावर एकटाच उभा आहे, त्यामुळे वाऱ्याला अडवणारं आसपास काही नाही. छत्री नेऊच नका. टोपीला गळ्याखालून बंद हवा, चष्म्याला दोरी हवी. जोराचा वारा किंवा विजांचं वादळ असेल तर पेरपर्त्यूझ सरळ बंद करतात. कधी गड उघडा ठेवून फक्त वरच्या भागाचा जिना बंद असतो. सकाळी निघण्यापूर्वी तिकीटघराला फोन करा, किंवा राहत्या घराच्या मालकिणीला करायला सांगा.

त्या जिन्याविषयी थोडं. पेरपर्त्यूझचा गड तीनेकशे मीटर लांबीच्या धारेवर बसवलाय आणि धार जेवढी रुंद तेवढीच इमारत रुंद. आपल्यासारखी माची नाही की पठार नाही. खालचा गड पाहून पुढे आलात की धारेच्या दुसऱ्या टोकाला, अंदाजे 800 मीटरवर, सान जोर्डी नावाचा वरचा गड दिसतो. तिथे नेणाऱ्या साठेक पायऱ्या उभ्या कड्यात खोदल्यात. नववा लुई राजा, ज्याला फ्रान्समध्ये संत मानतात, त्याच्या नावाने तो जिना ओळखला जातो. एका हाताला कडा, दुसऱ्या हाताला दरी, पायऱ्या कमीजास्त उंचीच्या आणि बाहेरच्या बाजूला किंचित उतरत्या. धरायला आधार आहे, तो सोडू नका. वरून कोणी उतरत असेल तर त्याला आधी येऊ द्या, मध्ये दोघांना जागा नाही.

पाणी माणशी दीड लिटर खालूनच न्या. वर दिसणारी टाकी पाहायची, त्यातलं पाणी प्यायचं नाही. ते पिऊन काय होतं याचा दाखला तेर्मच्या गडावरच आहे. 1210 साली पोपने पुकारलेल्या धर्मयुद्धाचा सेनापती सिमों द मोंफोर याने या गडाला चार महिने वेढा घातला. टाकी कोरडी पडली, गडकऱ्यांनी शरण यायचं कबूल केलं आणि त्याच रात्री मुसळधार पाऊस झाला. टाकी भरली, बोलणी मोडली. पण साचलेलं ते पाणी नासलेलं निघालं, शिबंदीला हगवण लागली आणि अखेर रात्री गड सोडून पळायची वेळ आली.

गाडी भाड्याने घ्यावीच लागेल का? भारतातला परवाना चालतो?
*– ठाणे*

घ्यावीच लागेल. कार्कासोन आणि नार्बोन इथे रेल्वे आहे, पण डोंगरातल्या गावांना जाणाऱ्या बस मोजक्या आणि शाळेच्या वेळेनुसार धावणाऱ्या.

मूळ परवान्यासोबत आंतरराष्ट्रीय परवाना न्या. तो तुमच्या आरटीओत नमुना 4-अ भरून मिळतो. शुल्क 1000 रुपये, मुदत एक वर्ष. नुसता हा कागद दाखवून भागत नाही, मूळ परवानाही सोबत लागतो. गाडी घेताना अनामत रक्कम चालकाच्याच नावाच्या क्रेडिट कार्डावर अडकवतात. काउंटरवर येऊन अडकणारे बहुतेक जण नेमके इथे अडकतात: कार्ड बायकोचं, आरक्षण नवऱ्याचं, किंवा हातात फक्त डेबिट कार्ड. ऑटोमॅटिक गाडी हवी असेल तर महिनाभर आधी सांगा, नाहीतर गिअरची मिळेल, तीही उजव्या हाताने गिअर टाकायची.

रस्त्याच्या उजवीकडून चालवायचं हे दोन तासांत अंगवळणी पडतं. उजवीकडच्या गाडीचा आधी हक्क, हे मात्र पडत नाही. गावातल्या फाट्यावर कुठलीच पाटी नसेल तर उजव्या बोळातून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं, मग तो बोळ कितीही किरकोळ असो. पिवळ्या चौकटीची पाटी दिसली म्हणजे तुम्ही मुख्य रस्त्यावर आहात. त्याच पाटीवर काट मारलेली दिसली की तो हक्क संपला. गोल चौकात आधीपासून फिरणाऱ्याला वाट द्या. गावाच्या नावाची लाल किनारीची पाटी लागली की वेग 50, आकडा लिहिलेला नसला तरी. गावाबाहेरच्या दुपदरी रस्त्यावर साधारण 80, काही ठिकाणी 90.

पंपावर डिझेलला 'गाझोल' म्हणतात. नळीवर गोल चिन्ह असलं की पेट्रोल, चौकोनी असलं की डिझेल. टाकीच्या झाकणामागेही तेच चिन्ह असतं, ते जुळवून घ्या. रविवारी पंपावर माणूस नसतो. यंत्र कार्ड आणि पिन मागतं आणि भरलेल्या तेलापेक्षा बरीच मोठी रक्कम तात्पुरती अडवून ठेवतं. ती काही दिवसांनी सुटते, घाबरून बँकेला फोन करू नका.

हे 'कॅथार किल्ले' म्हणजे कॅथार पंथाने बांधलेले किल्ले ना? मोंसेग्यूरच्या भिंती सूर्याच्या दिशेने आखल्या होत्या असं एका व्हिडिओत पाहिलं.
*– नागपूर*

पाट्यांवर तसं लिहिलंय खरं, पण आज उभ्या असलेल्या भिंतींपैकी बऱ्याचशा कॅथारांच्या शत्रूंनी बांधलेल्या आहेत.

कॅथार हे ख्रिस्तीच, पण त्यांच्या मते हे दृश्य जग वाईट शक्तीने घडवलेलं. त्यांच्यातले दीक्षित लोक मांस, अंडी, दूध काही घेत नसत. मासे मात्र चालत. (कोकणातल्या वाचकांना हा तपशील आवडेल.) ते किल्ले बांधणारे नव्हते. त्यांना आसरा देणारे स्थानिक सरदार होते आणि गड त्या सरदारांचे. 1208 साली पोपचा दूत प्येर द कास्तेलनो याचा खून झाला आणि त्याच वर्षी पोपने या प्रदेशावर धर्मयुद्ध पुकारलं. ते 1229 पर्यंत चाललं. पेरपर्त्यूझ 1240 मध्ये फ्रान्सच्या राजाकडे आला, केरिब्यूस 1255 मध्ये. 1258 च्या कोर्बेयच्या तहाने फ्रान्स आणि आरागॉन या राज्यांची हद्द इथून आखली गेली आणि राजाने पेरपर्त्यूझ, केरिब्यूस, प्युलोरांस, तेर्म, आगिलार हे पाच गड सरहद्दीची ठाणी म्हणून पक्के केले. त्यांना 'कार्कासोनचे पाच पुत्र' म्हणतात. 1659 च्या तहात सरहद्द दक्षिणेला पिरेनीजवर सरकली आणि गडांचं कामच संपलं. लढून पडलेले गड थोडे, बेवारस होऊन ढासळलेले जास्त. तेर्म तर त्याआधीच सुरुंग लावून पाडला होता.

मोंसेग्यूरचंही तेच. मे 1243 ते मार्च 1244 वेढा चालला. 16 मार्च 1244 ला पंथ सोडायला नकार देणाऱ्या दोनशेहून अधिक माणसांना पायथ्याशी जिवंत जाळलं. वाटेच्या सुरुवातीच्या कुरणात 1960 साली उभारलेला स्मृतिस्तंभ आहे. 1207 मीटरच्या माथ्यावर आज दिसतो तो कोट मात्र त्यानंतर नव्या मालकांनी बांधलेला आहे. त्यामुळे कॅथारांनी सूर्याकडे पाहून भिंती आखल्या, या कहाणीला पायाच उरत नाही. पुरलेला खजिना आणि येशूचा पवित्र प्याला यांचंही असंच समजा. सरदारांच्या काळातली वस्ती कोटाबाहेरच्या उतारावर होती. तिथे घरांचे चौथरे दिसतात आणि खाली गावातल्या संग्रहालयात उत्खननातल्या वस्तू आहेत. आधी संग्रहालय पाहून मग वर जाल तर उतारावरचे दगड नुसते दगड वाटणार नाहीत.

बांधकामातला फरक ओळखायची एक खूण: दगडाच्या कडा घासून सरळ केलेल्या आणि मधला भाग मुद्दाम फुगीर, ओबडधोबड ठेवलेला दिसला, तर ते बहुतेक तेराव्या शतकाच्या उत्तरार्धातलं राजाचं काम. कार्कासोनच्या नार्बोन दरवाजाच्या जोडबुरुजांवर ही खूण शिकून घ्या आणि मग गडांवर शोधा. कार्कासोनच्या टोकदार छपरांवर मात्र भरवसा ठेवू नका. एकोणिसाव्या शतकात व्हिओले-ल-द्युक या वास्तुविशारदाने कोटाची डागडुजी केली, ती छपरं त्याच्या योजनेतली आहेत आणि त्यावरून तेव्हापासून वाद आहे.

आई-बाबा सत्तरीपुढचे, दोघांचे गुडघे दुखरे. त्यांना हॉटेलात बसवून ठेवायचं का?
*– कोल्हापूर*

मुळीच नाही. विलरूज-तेर्मनेसचा किल्ला गावातच, जवळपास सपाटीवर आहे. कॅथारांचा शेवटचा ज्ञात दीक्षित गियेम बेलिबास्त याला 1321 साली तिथेच जाळलं. लास्तूरला खोऱ्याच्या पलीकडच्या टेकडीवर सज्जा केलाय; गाडी तिथवर जाते आणि चारही बुरूज समोर एका रांगेत दिसतात. लाग्रास आणि फोंफ्रुआद हे मठ मुख्यतः सपाटीवरचे, तरी दगडी फरशी आणि थोड्याफार पायऱ्या आहेतच.

सँ-मार्तँ-द्यू-कानिगू या मठाचे फोटो पाहून मोह होईल. तिथे स्वतःची गाडी नेता येत नाही. कास्तेय गावातून साधारण 300 मीटरची सलग उभी चढण आहे, रस्ता बांधलेला असला तरी गुडघ्यांची परीक्षा पाहणारा. आत ठरलेल्या वेळी, माहितगाराबरोबरच सोडतात. तरुणांनी जावं, आई-बाबांनी नको.

मठात नेमकं पाहायचं काय? एक पाहिला, रिकाम्या खोल्या आणि खांब. पंधरा मिनिटांत बाहेर आलो.
*– सोलापूर*

मठ खोली-खोलीने पाहिला की कंटाळा येतोच. तो कोण कुठून कुठे जाऊ शकत असे, या हिशेबाने पाहायचा.

फोंफ्रुआद घ्या. 1093 साली स्थापन झालेला आणि पुढे सिस्टर्शियन या साध्या राहणीच्या भिक्षुसंघाच्या शिस्तीत आलेला हा मठ. इथे दोन प्रकारचे लोक राहत. पूजापाठ करणारे भिक्षू आणि शेत, मेंढ्या, कोठारं सांभाळणारे कामकरी बंधू. दोघांची निजायची जागा वेगळी, जेवणघर वेगळं, चर्चमध्ये उभं राहायची जागाही वेगळी. कामकऱ्यांसाठी भिंतीच्या कडेने स्वतंत्र गल्ली ठेवली आहे, म्हणजे मधल्या चौकात त्यांचं पाऊल पडू नये. त्या अरुंद गल्लीतून आधी चाला आणि मग चौकात या. आतला उजेड आणि मोकळी जागा कोणासाठी होती ते कळतं.

चौकाच्या चारी बाजूंना पडव्या आहेत. त्यांच्या मोठ्या कमानी टोकदार, त्यांच्या आत लहान गोलसर कमानींची रांग, आणि वरच्या भरीव भागात गोल झरोके. लहान कमानी पेलणारे खांब जोडीने उभे आहेत आणि संगमरवराचा रंग खांबागणिक बदलतो. पडवीला लागून सभागृह आहे. त्याला दार नाही, पडवीकडे उघड्याच कमानी. रोज सकाळी सगळ्यांसमोर नियमग्रंथातला एक अध्याय वाचला जाई आणि चुकांची कबुली दिली जाई. भिंतीलगतच्या दगडी बाकावर पाच मिनिटं बसा. चार बारीक खांबांवर नऊ घुमट्या कशा उतरल्यात, हे उभ्याने लक्षात येत नाही.

चर्चमधल्या रंगीत काचा मूळच्या नाहीत. सिस्टर्शियन नियमाला रंगीत काच वर्ज्य होती. 1908 साली चित्रकार ग्युस्ताव्ह फायेने मठ विकत घेतला, त्यानंतरच्या त्या काचा आहेत. वर ज्याच्या खुनाचा उल्लेख आला तो प्येर द कास्तेलनो याच मठाचा भिक्षू. इथलाच एक मठाधिपती 1334 साली बारावा बेनेडिक्ट म्हणून पोप झाला. गड आणि मठ एकाच सहलीत का पाहायचे, त्याचं हे कारण.

लाग्रासला एक घोटाळा नेहमी होतो. फ्रेंच क्रांतीनंतर हा मठ दोन तुकड्यांत विकला गेला. आज एक भाग जिल्ह्याच्या ताब्यात आहे, दुसऱ्यात धर्मसेवकांचा संघ राहतो. दारं दोन, वेळा वेगळ्या, तिकिटं वेगळी. एक बघून 'चर्च कुठेय?' विचारणारे बरेच असतात. चर्च आणि उंच मनोरा दुसऱ्या भागात आहे. जुनं शयनगृह आणि मठाधिपतीचं रंगवलेलं प्रार्थनागृह पहिल्या भागात.

शुद्ध शाकाहारी आहोत. डोंगरातल्या गावांत उपाशी राहायची वेळ येईल का?
*– सांगली*

घड्याळ पाळलंत तर नाही. दुपारचं जेवण बारा ते पावणेदोन. दोनला स्वयंपाकघर बंद होतं आणि साडेसातपर्यंत काही मिळत नाही. गड उतरून अडीचला गावात आलात की संपलं. म्हणून पाव, चीज, टोमॅटो सकाळीच घेऊन ठेवा. बेकरीही आठवड्यातून एक दिवस, बहुधा सोमवारी, बंद असते.

इथलं प्रसिद्ध कासुले पाहून राजम्याचा भास होतो. पांढऱ्या घेवड्याचंच ते आहे, पण आत बदक आणि डुकराचं मांस असतं आणि तेवढंच बाजूला काढून द्या म्हणण्यात अर्थ नाही. सॅलडमध्ये डुकराच्या मांसाचे तुकडे किंवा बदकाची पोटरी न सांगता येते. 'सां व्यांद, सां प्वासों, सां लार्दों' हे तीन शब्द पाठ करा: मांस नको, मासे नको, डुकराचे तुकडे नकोत. सूपचं पाणी बहुधा हाडांचं असतं, टाळलेलं बरं.

घरून नेताना: दूध आणि दुधाचे पदार्थ युरोपीय संघात बाहेरून नेता येत नाहीत. पेढे, बर्फी, पनीर, तूप विमानतळावर काढून घेतील. हापूसही सरकारी दाखल्याशिवाय नेता येत नाही. चिवडा, खाकरा, शेंगदाण्याची चटणी खुशाल न्या.

जर्मनीत असतो. नाताळच्या सुट्टीत जावं का?
*– श्टुटगार्ट*

कार्कासोनपुरतं जा, तेही 25 डिसेंबर आणि 1 जानेवारी सोडून. गडांच्या वेळा हिवाळ्यात आखडतात, सव्वापाचच्या सुमारास सूर्य मावळतो, आणि काही गड जानेवारीत बंदच असतात. मध्य एप्रिल ते मध्य जून किंवा सप्टेंबर उत्तम. जुलै-ऑगस्टमध्ये उन्हाखेरीज वणव्याचाही धोका असतो. ऑगस्ट 2025 मध्ये कोर्ब्येरमध्ये सुमारे 16 हजार हेक्टर जळालं. धोका वाढला की जिल्हा प्रशासन डोंगरवाटा बंद करतं आणि नकाशा रोज जाहीर करतं.

मुलं चार वर्षांची आणि अकरा महिन्यांची. बाबागाडी चालेल?
*– पणजी*

गडांवर नाही. तटाला बऱ्याच ठिकाणी कठडा नाही आणि जिथे आहे तिथे चार वर्षांचं मूल त्याखालून जाईल. थोरल्याचा हात एका मोठ्या माणसाने सोडायचाच नाही; म्हणजे प्रत्येक मुलामागे एक माणूस हवा. प्युलोरांसची वाट मुलांना आवडते: आडव्या भिंतींमधून नागमोडी जावं लागतं, हल्लेखोराला सरळ धावता येऊ नये म्हणून. केरिब्यूसला वरच्या बुरुजातलं खांबांचं दालन दाखवा. एकच जाड खांब, तोही मधोमध नाही, आणि त्याच्या डोक्यावरून ताडाच्या झावळ्यांसारख्या फासळ्या छतभर पसरलेल्या. धाकट्याला पाठीवरच्या झोळीऐवजी छातीशी बांधा. पाठीवरच्या चौकटीत बाळाचं डोकं तुमच्या डोक्याच्या वर येतं आणि या गडांची दारं ठेंगणी आहेत.